बर्फ पडलाय, बाग चालू आहे

ओलीमाती | ७ डिसेंबर

काल रात्री पहिला खरा बर्फ पडला. आधी दोनदा नुसता भुरभुरून गेला होता, काल मात्र चांगला वीतभर साचला. सकाळी सवयीने मागच्या खिडकीशी गेले तर वाफे कुठे सुरू होतात आणि पायवाट कुठे संपते तेच कळेना. घरातले म्हणाले, "झालं, आता एप्रिलपर्यंत तुझी सुट्टी." मी हो हो म्हटलं, कोट चढवला आणि बाहेर पडले.

थंड हवेत बाग करायला लागले तेव्हा पहिली काही वर्षं मलाही हिवाळा म्हणजे शिक्षा वाटायची. ऑक्टोबरात दिसेल ते उपटायचं, कापायचं, झाडून-लोटून अंगण गुळगुळीत करायचं आणि मग पाच महिने त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत उसासे टाकायचे. आता मी जवळजवळ काहीच कापत नाही. कोनफ्लॉवरची वाळलेली बोंडं, उंच गवताचे तुरे, सीडमची तपकिरी छत्र्या, सगळं उभं ठेवते. आज प्रत्येक बोंडावर बर्फाची एकेक टोपी होती आणि दोन गोल्डफिंच त्या टोप्या उडवून आतलं बी काढत होते. रेड ट्विग डॉगवुडच्या फांद्या उन्हाळ्यात पानांत लपलेल्या असतात, तिकडे ढुंकून बघत नाही कोणी. पांढऱ्यावर त्या लालभडक काड्या अशा दिसतात की वाटतं, हे झाड लावलं ते याच चार महिन्यांसाठी.

आणि वाफ्यात लसूण आहे. ऑक्टोबरात पाकळ्या खोचल्या होत्या, त्यांना आता थंडी मिळणं गरजेचं आहे. थंडी मिळाली नाही तर त्या गड्ड्यात पाकळ्या पडत नाहीत, कांद्यासारखा एकसंध गोळा तयार होतो. म्हणजे मी आत पांघरुणात आणि बाहेर माझ्या वाफ्यावर थंडी राबतेय. हे कळल्यापासून पारा उतरला की मला कुरकुर करावीशी वाटत नाही.

तर धागा यासाठी: घरात, घराबाहेर, खिडकीत, तळघरात, हिवाळ्यात तुमचं काय चालू असतं? मार्चपर्यंत इथे भर घालत राहू.

खिडकीमाळी | ७ डिसेंबर

मस्त धागा. मला अंगण नाही, एक बाल्कनी आणि दक्षिणेची एक खिडकी, त्यावर सगळा संसार.

माझा हिवाळा सप्टेंबरच्या शेवटी फ्रिजमध्ये सुरू होतो. हायसिंथ या फुलझाडाचे कंद कागदी पिशवीत घालून खालच्या कप्प्यात ठेवते. त्यांना १२ ते १४ आठवडे थंडी लागते, साधारण ५ ते ९ अंश सेल्सियस. मग कमरेत बारीक असलेल्या काचेच्या भांड्यात, वर कंद आणि खाली पाणी. पाणी कंदाच्या बुडाला लागता कामा नये, किंचित खाली हवं, नाहीतर कुजतो. पांढरी मुळं त्या पाण्यात उतरताना बघणं हा माझा डिसेंबरातला टीव्ही आहे. भांडं मुळं भरेपर्यंत अंधाऱ्या थंड जागी, मग उजेडात.

दोन गोष्टी अनुभवाने शिकले. एक, हायसिंथचा कंद उघड्या हाताने चोळू नका, बोटं तासभर खाजतात. दुसरं, त्याच कप्प्यात सफरचंदं ठेवू नका. मागच्या वर्षी मी ठेवली होती. सफरचंदातून इथिलीन वायू सुटतो आणि कंदाच्या पोटातली कळी आतल्या आत मरते. बाहेरून कंद ठणठणीत. पानं आली, झकास हिरवी, आणि मधोमध वाळक्या काडीसारखं काहीतरी. तीन महिने फ्रिजमधली जागा अडवल्याबद्दल घरच्यांची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

आळसोबा | ८ डिसेंबर

सर्वांचा उत्साह पाहून आदर वाढला. पण मला खरंच कळत नाही. चार वाजता अंधार, फावड्याने बर्फ उपसून कंबर गेलेली, नाकाचा शेंडा जाणवत नाही, आणि तुम्ही लोक वाळक्या बोंडांकडे बघायला बाहेर जाता?

माझा हिवाळ्यातला बागकामाचा आनंद सांगू? गवत कापावं लागत नाही. संपला आनंद.

ओलीमाती | ८ डिसेंबर

आळसोबा, तुमचं नाव सार्थ आहे हो. पण धाग्यावर आलात ना, आता सुटका नाही.

झोनपाच | ९ डिसेंबर

नावावरून कळलंच असेल, मी झोन ५ मध्ये. म्हणजे वर्षातली सगळ्यात थंड रात्र सरासरी उणे २९ ते उणे २३ अंशांच्या दरम्यान. इथे बर्फाबद्दल तक्रार करणाऱ्यांना मी एकच सांगतो: बर्फाशिवायची थंडी बघा, मग बोला.

ताज्या भुसभुशीत बर्फात नव्वद टक्क्यांच्या आसपास नुसती हवा असते. म्हणजे गोधडीच. वर उणे वीस असताना वीत-दीड वीत बर्फाखालची माती शून्याच्या आसपास राहते. बहुवर्षायू झाडं मरतात ती बहुतेक वेळा बर्फ नसलेल्या हिवाळ्यात, आणि तेही नुसत्या थंडीने नाही. दिवसा माती वितळते, रात्री गोठते, पुन्हा वितळते. गोठताना माती फुगते आणि रोपाला ढकलत ढकलत वर काढते. मार्चमध्ये जाऊन बघावं तर हेउकेराचा अख्खा गड्डा मुळांसकट जमिनीवर बसलेला, कोणीतरी उपटून ठेवल्यासारखा.

म्हणून पानांचं आच्छादन माती गोठल्यावर घालायचं, आधी नाही. आच्छादनाचं काम माती गरम ठेवणं नाही, गोठली आहे ती गोठलेलीच ठेवणं हे आहे. मी पहिल्या वर्षी अतिउत्साहाने ऑक्टोबरातच जाड पेंढा घातला. उंदरांना आयता बंगला मिळाला. बर्फाखालून बोगदे काढत ते सफरचंदाच्या कोवळ्या झाडापर्यंत गेले आणि खोडाची साल गोल कुरतडून टाकली. साल चहूबाजूंनी गेली की झाड संपलं. आता खोडाभोवती बारीक जाळीची नळी असते आणि पेंढा खोडापासून हातभर लांब.

कुंड्यांचं गणित वेगळं. कुंडीतल्या मुळांना चारी बाजूंनी थंडी लागते, त्यामुळे तुमच्या झोनपेक्षा दोन झोन जास्त थंडी सोसणारं झाडच कुंडीत बाहेर ठेवावं असा ठोकताळा आहे.

नवखी | ११ डिसेंबर

वाचतेय. सगळंच नवीन आहे मला.

एक प्रश्न. कुंडीतलं लिंबाचं झाड सप्टेंबरात आत आणलं. आता पानं पिवळी पडून गळतायत, पानांच्या मागे बारीक जाळी दिसते. मी रोज पाणी घालते, हीटरजवळ उबेला ठेवलंय. अजून काय करू?

निवडुंगकाका | ११ डिसेंबर

अगं बाई, आधी ते हीटरजवळून उचल. आत्ता. मग पुढचं वाच.

ती जाळी म्हणजे लाल कोळी. गरम आणि कोरडी हवा म्हणजे त्यांची चैन, आणि हीटर चालू असलेल्या घरातली हवा वाळवंटासारखी कोरडी असते. झाड न्हाणीघरात ने, कुंडीच्या मातीवर प्लॅस्टिक बांध आणि कोमट पाण्याचा फवारा पानांच्या खालच्या बाजूने चांगला मार. पाच-सहा दिवसांनी पुन्हा, मग पुन्हा. अंडी एका धुण्यात जात नाहीत.

आता पाणी. हिवाळ्यात घरातली झाडं तहानेने कमी आणि लाडाने जास्त मरतात. उजेड कमी म्हणजे वाढ कमी, वाढ कमी म्हणजे पाणी कमी. बोट दोन पेरं मातीत घाल. कोरडं लागलं तरच पाणी, आणि दिलंस की बुडातून वाहीपर्यंत दे, ताटलीतलं ओतून टाक. माती सतत ओली राहिली की वर ती काळी चिलटं घोंघावायला लागतात, ती त्याचीच खूण. खत मार्चपर्यंत बंद.

खडे आणि पाणी घातलेल्या ताटलीत कुंडी ठेवा म्हणजे दमटपणा मिळतो, असं सगळे सांगतात. मी वर्षानुवर्षं केलं. त्याने फार काही होत नाही, वाफ खोलीभर पसरून जाते. झाडं एकमेकांना खेटून ठेवली तर थोडा फरक पडतो.

माझ्याबद्दल म्हणाल तर माझा सगळा आनंद एका कुंडीत आहे. ख्रिसमस कॅक्टस, माझ्याकडे येऊन एकवीस वर्षं झाली. नावात कॅक्टस असला तरी हा वाळवंटातला नाही, आग्नेय ब्राझीलच्या डोंगरांतल्या दमट जंगलात झाडांच्या फांद्यांवर वाढतो. त्याला कळ्या येण्यासाठी लांब रात्री लागतात, बारा-तेरा तास सलग अंधार, आणि जरा गारवा. आमच्याकडे तो ज्या खोलीत कोणी रात्री दिवा लावत नाही तिथे असतो. मागे पाहुणे आले, त्या खोलीत राहिले, रात्री उशिरापर्यंत वाचत बसायचे. त्या वर्षी फुलं नाहीत. पाहुण्यांना अजून माहीत नाही. कळ्या धरल्यावर कुंडी इकडची तिकडे करू नका, गाळतो.

नवखी | १२ डिसेंबर

काका, उचललं! आंघोळ घातली. बोट घातलं तर माती चिखल आहे. पाणी बंद. खूप आभार.

कुदळफावडे | १५ डिसेंबर

मी हत्यारांचा माणूस. उन्हाळ्यात खुरपं मातीसकट फेकून देतो, त्याचं प्रायश्चित्त डिसेंबरात. तारेच्या ब्रशने गंज काढायचा, सिकेटरचे (छाटणीच्या कात्रीचे) पाते उघडून धार लावायची (धार फक्त उताराच्या बाजूला, सपाट बाजू नुसती पुसायची), स्प्रिंगला तेलाचा थेंब. लाकडी दांडे बारीक सँडपेपरने घासून त्यावर जवसाचं तेल. दांड्यात तेल मुरतं, रंग गडद होतो, हातात धरावासा वाटतो. तळघरात एक दिवा, रेडिओ आणि हे काम. इतकं शांत वाटतं की मी मुद्दाम चार आठवडे पुरवतो.

गंभीर सूचना: जवसाच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि उष्णता सोडतं. बोळ्यात ती उष्णता कोंडते आणि चिंधी आपोआप पेटू शकते. मला हे वाचून माहीत होतं, पण खरं वाटलं ते एकदा तासाभरापूर्वी टाकलेला बोळा हातात घेतला आणि तो कोमट लागला तेव्हा. तेव्हापासून चिंध्या बाहेर दोरीवर पसरून वाळवतो.

छाटणीचं म्हणाल तर सफरचंद आणि पेअर, दोन्ही पानं नसताना छाटायची. सांगाडा स्पष्ट दिसतो, कोणती फांदी कोणाला घासतेय ते कळतं. मी फेब्रुवारीच्या अखेरीस करतो, कडाका ओसरल्यावर. चेरी आणि प्लमला मात्र हिवाळ्यात हात लावायचा नाही. ओल्या थंडीत कापलेल्या जखमांतून सिल्व्हर लीफची बुरशी शिरते, त्यांची छाटणी उन्हाळ्यात. आणि लायलॅक, फोर्सिथिया यांनी पुढच्या वसंताच्या कळ्या गेल्या उन्हाळ्यातच धरून ठेवलेल्या असतात. आत्ता "जरा नीटनेटकं करू" म्हणून कातरलंत तर वसंतात नुसतं बघत बसाल.

आळसोबा | १५ डिसेंबर

माझ्याकडे फोर्सिथियाचं एक माजलेलं झुडूप आहे. ते कापायचं नाही हे शास्त्राने सांगितलंय म्हणजे. धाग्याचा उपयोग व्हायला लागला.

ओलीमाती | २८ डिसेंबर

आज हा वेगळाच खेळ. काळ्या मखमलीचा एक तुकडा रात्रभर बाहेर गारठवून ठेवला आणि सकाळी बर्फ पडायला लागल्यावर भिंग घेऊन उभी राहिले. कापड आधी गार करणं महत्त्वाचं, नाहीतर कण टेकताक्षणी पाणी. श्वास रोखून बघावं लागतं, तोंडाच्या वाफेनेही वितळतात.

प्रत्येक कण सहा बाजूंचा. केप्लर, तोच ग्रहांच्या कक्षांचा, त्याने १६११ साली याच प्रश्नावर एक छोटी पुस्तिका लिहिली होती: पाच नाही, सात नाही, सहाच का? आता ठाऊक आहे की गोठताना पाण्याचे रेणू षटकोनी जाळीत बसतात. व्हर्मांटमधल्या विल्सन बेंटली नावाच्या शेतकऱ्याने १८८५ साली सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून बर्फाच्या एका कणाचा फोटो काढला आणि मग आयुष्यभरात पाच हजारांहून जास्त काढले. शेतकरी माणूस, हिवाळ्यात शेत झोपलेलं, त्याने हे केलं. मला तो आपल्यातलाच वाटतो. पुढे जपानमध्ये नाकाया उकिचिरो यांनी १९३६ साली प्रयोगशाळेत कण वाढवून दाखवले आणि कोणत्या तापमानाला कोणता आकार येतो त्याची मांडणी केली. उणे १५च्या आसपास त्या चित्रातल्या नक्षीदार चांदण्या येतात, उणे ५च्या आसपास सुया. आज माझ्या मखमलीवर बहुतेक सुया आणि मोडके तुकडे होते. एकच चांदणी मिळाली, ती दाखवायला मुलीला हाक मारली, आणि हाक मारताना निघालेल्या वाफेनेच ती गेली.

झोनपाच | २९ डिसेंबर

हाहा. भिंग नको असेल त्यांनी र्‍होडोडेंड्रॉन बघावा. थंडी वाढेल तशी त्याची पानं खाली झुकतात आणि लांबीत गुंडाळत जातात, कडाक्याच्या सकाळी अगदी विडीसारखी. ऊन आलं की पुन्हा उलगडतात. मी उठल्यावर थर्मामीटर बघतच नाही, कितीचा कोट घालायचा ते र्‍होडोडेंड्रॉन सांगतो.

बीबियाणं | ४ जानेवारी

उशिरा आले, पण माझा हंगाम आत्ताच सुरू होतो.

नवीन वर्षाच्या पहिल्या आठवड्यात बियांचा डबा जेवणाच्या टेबलावर उलटा होतो. पाकिटं वर्षांप्रमाणे लावते. कांदा, लीक, पार्सनिप यांचं बी एक-दोन वर्षांत म्हातारं होतं, त्यावर भरवसा नाही. टोमॅटोचं चार-पाच वर्षं सहज चालतं. शंका असेल तर दहा बिया ओल्या कागदी रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवते. सात रुजल्या तर ठीक, जरा दाट पेरायचं. तीनच रुजल्या तर पाकीट निरोप घेतं. मग कॅटलॉग. सगळं हवंसं वाटतं. मी आधी यादी लिहिते, दोन दिवस ठेवते, मग वाफ्याची लांबी मोजून अर्धी खोडते. खोडलेल्यातलं निम्मं शेवटी मागवतेच, ते सोडा.

खरी गंमत थंडी हव्या असलेल्या बियांची. मिल्कवीड, कोलंबाइन, प्रिम्युला, लॅव्हेंडर. यांच्या बिया शरद ऋतूत जमिनीवर पडतात. लगेच रुजल्या तर कोवळं रोप पहिल्याच कडाक्यात मरेल, म्हणून बीमध्येच एक कुलूप असतं आणि ओली थंडी काही आठवडे मिळाल्याशिवाय ते उघडत नाही. फ्रिजमध्ये ओल्या वाळूत ठेवता येतं, मिल्कवीडला महिनाभर तरी. मी मात्र आता फ्रिज सोडला आणि डब्यांवर आले.

दुधाचा मोठा प्लॅस्टिकचा पारदर्शक कॅन घ्या. मधोमध आडवा कापा, पण मूठ आहे तिथे जोडलेला ठेवा, बिजागरीसारखा. बुडाला भोकं, चार बोटं माती, ओली करा, बी पेरा, झाकण मिटवून चिकटपट्टी लावा. वरचं बूच काढून टाका, तिथून पाऊस-बर्फ आत जातो आणि वाफ बाहेर येते. मग बाहेर बर्फात नेऊन ठेवा आणि विसरा. गोठेल, वितळेल, गोठेल. बीला जेव्हा बरं वाटेल तेव्हा ते उगवेल. दिवा नको, हीटर नको, आणि उगवलेली रोपं आधीच थंडीला सरावलेली. नाव मात्र पेन्सिलने लिहा. मार्करची शाई उन्हाने उडते. एका वर्षी माझ्याकडे अकरा डबे होते आणि एकही नाव नव्हतं.

आळसोबा | ४ जानेवारी

"बाहेर ठेवा आणि विसरा." हे वाक्य पुन्हा वाचलं. बागकामात असंही काही असतं हे मला आजपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.

बीबियाणं | ४ जानेवारी

मग करा ना एक डबा! मिल्कवीडचं बी घ्या, मोठं असतं, दिसतं तरी.

खिडकीमाळी | १२ जानेवारी

हायसिंथला कळी दिसली! जांभळी असणार. सफरचंदं यंदा बाहेर होती.

पेपरव्हाइटही लावलेत. नार्सिससच्या या जातीला थंडीची गरज नाही, खड्यांत कंद खोचून पाणी दिलं की चार-सहा आठवड्यांत फुलं. दोष एवढाच की वेड्यासारखे उंच होतात आणि आडवे पडतात. त्यावर कॉर्नेल विद्यापीठातल्या लोकांनी गमतीशीर उपाय काढला: कोंब बोटभर झाले की साध्या पाण्याऐवजी ४ ते ६ टक्के अल्कोहोल असलेलं पाणी द्यायचं. उंची तिसऱ्या हिश्शाने किंवा त्याहून जास्त कमी होते, फुलं तेवढीच. बिअर किंवा वाइन चालत नाही, त्यातली साखर मुळं बिघडवते. माझ्याकडे दोन वाट्या शेजारी शेजारी आहेत, एक पिणारी आणि एक न पिणारी. न पिणारीच झोकांड्या खातेय.

आणि संध्याकाळी काचेची बरणी. लंडनमधला डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड, त्याला फर्न लावायचं वेड, पण शहरातल्या कोळशाच्या धुरात ते मरायचे. १८२९ साली त्याने बंद बाटलीत ओल्या मातीवर एका पतंगाचा कोश ठेवला होता, पतंग बाहेर येताना बघायचा म्हणून. मातीतून आपोआप फर्न आणि गवत उगवलं आणि पाण्याचा थेंब न घालता ते जवळपास चार वर्षं जगलं. दिवसा वाफ, रात्री काचेवर थेंब, पुन्हा मातीत. त्यातून त्याच्या काचेच्या पेट्या निघाल्या आणि त्यांतून झाडं समुद्रापार जायला लागली. चीनमधली चहाची रोपं रॉबर्ट फॉर्च्युनने भारतात आणली ती अशाच पेट्यांतून. माझ्या बरणीत एक फर्न, मूठभर शेवाळ आणि कुठून आला माहीत नाही असा एक इवला गोगलगाय. बाहेर वादळ असलं की मी दिवा मालवून टॉर्च लावून त्यात बघत बसते.

नवखी | १३ जानेवारी

ते गोगलगायीचं फारच आवडलं. लिंबाला दोन नवे फुटवे आलेत, काका!

निवडुंगकाका | १३ जानेवारी

शाब्बास. आता कौतुकाने पाणी घालू नकोस.

झोनपाच | २६ जानेवारी

कोल्ड फ्रेमची हकिगत. जुन्या खिडकीची काच आणि चार फळ्या, आत पालक. दिवस दहा तासांपेक्षा लहान असेपर्यंत तो वाढत नाही, फक्त तग धरतो. म्हणून सप्टेंबरात पेरून नोव्हेंबरच्या आत मोठा करून ठेवायचा, मग हिवाळाभर तो जिवंत कोठारासारखा. सकाळी पानं गोठून काचेसारखी कडक असतात. तेव्हा हात लावायचा नाही, दुपारी ती पुन्हा मऊ होतात, मग खुडायची. थंडीत पानं आपल्यातल्या पिठाची साखर करतात, गोठू नये म्हणून. गोड लागतात ती त्यामुळे. गाजराचंही तेच.

आजपासून आमच्याकडे दिवस दहा तासांचा झाला. मधलं कोवळं पान एवढंसं हललंय, असं मला वाटतंय. बायको म्हणते, नाही.

आळसोबा | २ फेब्रुवारी

कबुलीजबाब. कुदळफावडे म्हणाले कापू नका, पण ते झुडूप बर्फाच्या वजनाने दारावरच वाकलं होतं. चार फांद्या कापल्या. टाकायला निघालो तर मुलगा म्हणाला, पाण्यात ठेवू. आता बादलीत आहेत. यातून काही होतं का?

ओलीमाती | २ फेब्रुवारी

होतं! अहो, लोक मुद्दाम कापून आणतात. त्या फांद्यांना पुरेशी थंडी मिळून झालीय. बुडाशी तिरका नवा काप द्या, पहिला दिवस कोमट पाण्यात, मग थंड खोलीत, दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला. एक ते तीन आठवड्यांत पिवळ्याधमक. हीटरजवळ नको, कळ्या वाळतील.

आणि झुडपांवरचा भुसभुशीत बर्फ झाडूने खालून वर उचलत झटका. वरून बडवू नका. पण काचेसारखा बर्फ जमलेला असेल तर हात लावू नका, फांदी कडकन मोडते. आपोआप वितळू द्या.

आळसोबा | १३ फेब्रुवारी

पिवळं. बैठकीच्या खोलीत. बाहेर उणे चौदा.

याहून जास्त काही लिहीत नाही.

कुदळफावडे | १४ फेब्रुवारी

+१. आणि नियम मोडल्याबद्दल माफ.

ओलीमाती | २४ फेब्रुवारी

विच हेझल फुललं. पाकळ्या म्हणजे पिवळ्या कागदाच्या पट्ट्या कात्रीने कापून चुरगाळल्यासारख्या. रात्री थंडी पडली की गुंडाळून घेतात, दुपारी सुटतात. वास घ्यायला फांदी नाकाशी ओढली तर मानेवर बर्फ.

त्याच्या पायाशी स्नोड्रॉप. गोठलेल्या सकाळी मान टाकून मेल्यासारखे आडवे, अकराला पुन्हा उभे. पेशींत गोठण रोखणारी प्रथिनं असतात म्हणे. याच कुळातल्या झाडांपासून गॅलँटामाइन मिळतं, स्मृतिभ्रंशाच्या औषधात वापरतात ते, आणि पहिल्यांदा ते सापडलं स्नोड्रॉपमध्येच. दाटी झाली असेल तर फुलं गेल्यावर, पानं हिरवी असतानाच गड्डे फोडून लावा. वाळलेल्या सुट्या कंदांपेक्षा असे जास्त धरतात.

बीबियाणं | १ मार्च

माझ्या लीकच्या रोपांना दिव्याखाली महिना झाला. रोज १५ तास, दिवा रोपांपासून वीतभरही उंच नाही. लांब ठेवला की रोपं लुकडी होतात. केसांसारखी वाढली की कात्रीने शेंडे छाटते.

आळसोबा, तुमच्या डब्याचं काय झालं?

आळसोबा | २ मार्च

कोणता डबा?

आळसोबा | ३० मार्च

सापडला. गॅरेजच्या मागे बर्फाच्या ढिगाखाली होता, बर्फ खाली बसल्यावर मूठ वर आली. विसरा सांगितलं होतं, विसरलो.

चिकटपट्टी सोडवून आत बघितलं. सहा हिरवे ठिपके आहेत, जोडपानं. नाव पेन्सिलने लिहिलं होतं, पण मी "बी" एवढंच लिहिलंय. हे मिल्कवीड आहे की तण?

बीबियाणं | ३० मार्च

सहा!! फोटो टाका. पहिली दोन पानं सगळ्यांची सारखीच दिसतात, पुढची जोडी येऊ द्या, मग सांगते. आणि रात्री झाकण मिटवायला विसरू नका.

आळसोबा | ३० मार्च

मुलगा डब्याशेजारी खुर्ची टाकून बसलाय. फोटो तो हलला की काढतो.